माणूस गेल्यावर त्याच्या डीएनएचं काय होतं? कोकण किनारपट्टीवरून नेहमी येणारे प्रश्न

आपल्याकडे हे प्रश्न बहुतेक वेळा वाईट प्रसंगातच पडतात. बोट परत आली नाही, खाडीच्या तोंडाशी बॉडी लागली, दरड येऊन अख्खी वाडी गाडली गेली, आणि मग पोलीस स्टेशनातून कोणीतरी सांगतं की ओळख पटत नाहीये, डीएनए करावा लागेल, घरातल्या कोणाचं तरी रक्त द्या. त्या वेळी घरच्यांना काही विचारायचं सुचत नाही आणि सांगणाराही घाईत असतो. म्हणून इथे निवांत, सगळं एका ठिकाणी लिहिलंय. काही प्रश्न नुसत्या कुतूहलाचे आहेत, तेही घेतलेत, पण ज्यांचं माणूस बेपत्ता आहे त्यांनी सरळ रक्त कोणी द्यायचं आणि घरातल्या वस्तू कोणत्या जपायच्या ते दोन प्रश्न आधी वाचावेत.

श्वास थांबला की डीएनए पण लगेच संपतो का?

नाही. डीएनए म्हणजे एक लांबच लांब रेणू आहे, माणसाच्या एकेका पेशीत तो उलगडला तर साधारण दोन मीटर भरेल इतका. तो श्वासावर चालत नाही, त्यामुळे श्वास थांबला म्हणून त्या क्षणी त्याला काही होत नाही. फरक पडतो तो दुरुस्तीत. आपण जिवंत असतानासुद्धा प्रत्येक पेशीत रोज हजारो ठिकाणी डीएनए बिघडत असतो आणि पेशी तो सतत दुरुस्त करत असते, त्याला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन लागतो. रक्त फिरायचं थांबलं की दुरुस्ती बंद आणि मोडतोड मात्र चालूच.

मग पेशीच्या आतल्या ज्या पिशव्यांमध्ये पाचक एन्झाइम बंद करून ठेवलेले असतात त्या फुटतात आणि ते एन्झाइम पेशीला आतूनच पचवायला लागतात, त्यातले काही तर डीएनए कापायचंच काम करतात. त्यानंतर आतड्यातले बॅक्टेरिया. ते आपल्यासोबत जन्मभर असतात पण आता त्यांना अडवणारं कोणी नसतं, त्यामुळे पोटापासून सुरुवात करून ते सगळीकडे पसरतात.

सगळे अवयव एका वेगाने जात नाहीत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्वादुपिंड, लिव्हर, प्लीहा यांच्यात एन्झाइम भरपूर, ते लवकर जातात. स्नायू जरा उशिरा. हाडं आणि दात सगळ्यात शेवटी, आणि पुढची सगळी गोष्ट या हाडं-दातांभोवतीच फिरते.

मेल्यानंतर काही जीन्स (म्हणजे पेशीला एकेका कामाची सूचना देणारे डीएनएचे तुकडे) चालू होतात असा एक मेसेज फिरतोय, खरं आहे का?

त्याच्या मागे खरा अभ्यास आहे. २०१७ साली छापून आला, उंदीर आणि झेब्राफिश नावाच्या छोट्या माशांवर केलेला. त्यात हजाराच्या वर जीन्सच्या हालचाली मृत्यूनंतर वाढलेल्या दिसल्या, उंदरात दोन दिवसांपर्यंत आणि माशात चार दिवसांपर्यंत. त्यातले बरेच जीन्स ताण, सूज, प्रतिकारशक्ती यांच्याशी संबंधित होते. पण याचा अर्थ माणूस कुठेतरी जिवंत आहे असा काढू नका, ज्याच्या घरी नुकतंच कोणी गेलंय त्याला असले मेसेज पाठवणं फार क्रूर आहे. शरीराचा कारभार संपला तरी काही पेशी उरलेल्या ऊर्जेवर आपापलं थोडं काम करत राहतात, एवढंच ते.

डीएनए नक्की किती वर्षं टिकतो?

याला एक आकडा नाही, कारण सगळं जागेवर ठरतं. डीएनए तोडणाऱ्या मुख्य गोष्टी म्हणजे पाणी, उष्णता, आम्ल, ऑक्सिजन आणि जंतू. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या मोआ नावाच्या नामशेष झालेल्या मोठ्या पक्ष्याच्या १५८ हाडांवर अभ्यास झाला होता, त्यात निघालं की सरासरी १३ अंश तापमानाच्या जागेत पडलेल्या हाडात ठरावीक लांबीच्या तुकड्यांपैकी अर्धे साधारण ५२१ वर्षांत तुटतात. पुढच्या ५२१ वर्षांत उरलेल्यातले अर्धे, असं करत करत. पण हे १३ अंशाला. आपल्याकडे वर्षाची सरासरीच २७ च्या आसपास, आणि तापमान वाढलं की हा वेग पटीत वाढतो.

उलट टोकाला ग्रीनलंड. तिथल्या गोठलेल्या मातीतून २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए मिळवल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं, सायबेरियातल्या मॅमथच्या दातांतून दहा लाख वर्षांहून जुना मिळालाय. बर्फ होता म्हणून ते जमलं. आणि डायनासोरचा विचाराल तर ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच गेले, त्यांचा वाचता येईल असा डीएनए शिल्लक नाही, सिनेमात काहीही दाखवोत.

आणि कोकणात?

कोकण डीएनएसाठी अवघड जागा आहे, सरळ सांगायचं तर. मे महिन्यात उघड्यावर पडलेल्या बॉडीचं रक्त आणि मऊ भाग काही दिवसांत लॅबच्या कामाचे राहत नाहीत. मग पावसाळा, रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे जमिनीत पुरलेलं हाड चार महिने अक्षरशः धुतलं जातं. त्यात आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. हाडाचा कडकपणा ज्या खनिजामुळे असतो ते आम्लात हळूहळू विरघळतं, आणि डीएनए त्याच खनिजाला चिकटून सुरक्षित राहिलेला असतो, त्यामुळे हाड विरघळलं की तोही गेला.

एक गंमत म्हणजे किनाऱ्यालगतच्या वाळूत, जिथे शंख-शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो, तिथे हाड जास्त टिकतं कारण त्या चुऱ्यातल्या चुन्यामुळे आम्ल मारलं जातं. म्हणजे एकाच गावात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर पुरलेलं आणि पुळणीत पुरलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

समुद्रात मिळालेल्या बॉडीचा डीएनए निघतो का?

निघतो, बहुतेक वेळा निघतो, फक्त कुठून घ्यायचा ते कळलं पाहिजे. चेहरा, कातडी, बोटांचे ठसे हे समुद्रात लवकर जातात, मासे आणि खेकडे सुरुवात तिथूनच करतात. त्यामुळे कपड्यावरून, गळ्यातल्या ताईतावरून ओळख पटवायची वेळ येते, आणि तिथेच घोळ होऊ शकतो. एकाच बोटीवरच्या खलाशांचे कपडे सारखे असतात, एकमेकांचे घातलेलेही असतात.

२०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ आठवत असेल. मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्रावरच्या कामगारांच्या राहण्याचं बार्ज पी-३०५ बुडालं आणि त्यातल्या लोकांचे मृतदेह कितीतरी दिवस रायगडच्या आणि पार गुजरातच्या किनाऱ्यावर लागत होते. बघून ओळख पटेना, तेव्हा नातेवाईकांची सॅम्पल घेऊन डीएनएनेच ओळख पटवावी लागली. २०१६ मध्ये महाडला सावित्रीवरचा पूल गेला तेव्हाही माणसं एसटीसकट वाहून गेली आणि काही मृतदेह खूप लांब खाडीत मिळाले. वाहतं पाणी माणसाला कुठच्या कुठे नेतं, म्हणून तुमचं माणूस हर्णैच्या समोर बुडालं तरी चौकशी फक्त दापोली तालुक्यात करून थांबू नका, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि गोव्यातही किनाऱ्यावरच्या पोलीस स्टेशनांना फोटो आणि वर्णन गेलंय का ते विचारत राहा.

बराच काळ पाण्यात राहिलेल्या शरीरात कधी कधी चरबीचं साबणासारखं पांढरट कडक द्रव्य बनतं. बघायला भयंकर वाटतं पण त्यामुळे आतला भाग थोडा जास्त टिकतो.

लॅबवाले दातच का मागतात?

कारण दात म्हणजे शरीरातलं सगळ्यात कडक कवच, आणि आत जिवंत पेशी होत्या त्या कवचामुळे पाण्यापासून, जंतूंपासून बराच वेळ वाचतात. त्यातही दाढा, जिथे कीड नाही, सिमेंट भरलेलं नाही. दात नसतील तर मांडीच्या हाडाचा मधला जाड भाग घेतात. फार जुन्या सांगाड्यांमध्ये कानाच्या आतलं एक छोटं दगडासारखं घट्ट हाड वापरतात, गेल्या दहाएक वर्षांत प्राचीन डीएनएच्या कामाने जी झेप घेतली त्याचं बरंचसं श्रेय त्या एवढ्याशा हाडाला आहे.

नखं पण चांगली. मात्र केसांची गंमत वेगळी, मुळासकट उपटलेला केस असेल तर पूर्ण डीएनए मिळू शकतो, कापलेल्या केसात नेहमीच्या टेस्टला पुरेल इतका मिळत नाही, फक्त आईकडून आलेला मायटोकॉन्ड्रियाचा भाग मिळतो, तो काय ते पुढे सांगितलंय.

अग्नी दिल्यावर अस्थींमध्ये डीएनए राहतो का?

जवळजवळ नाहीच. गॅसच्या दाहिनीत ८०० ते १००० अंश तापमान जातं, तिथे डीएनए जळून संपतो आणि उरतं ते हाडातलं खनिज. लाकडाच्या चितेत आच सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे एखादं मोठं हाड पूर्ण पांढरं न होता काळं राहिलं असेल तर त्याच्या गाभ्यात क्वचित काहीतरी मिळतं. पांढऱ्या-करड्या, हाताने चुरा होणाऱ्या अस्थींकडून आशा ठेवू नये.

म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ओळखीबद्दल जरासुद्धा शंका असेल तर अग्नी देण्याआधीच सॅम्पल काढून ठेवायला सांगा. एक दाढ आणि रक्ताचे चार थेंब, एवढ्यावर पुढची कितीतरी वर्षं प्रश्न सोडवता येतो, आणि एकदा चिता पेटली की बहुतेक वेळा दुनियेतली कुठलीच लॅब काही करू शकत नाही. बेवारस बॉडीच्या बाबतीत तर हे कटाक्षाने व्हायला हवं.

अस्थी समुद्रात सोडल्या तर आमच्या माणसाचा डीएनए माशांत जातो का? आणि झाडाखाली पुरल्या तर झाडात?

अस्थींत डीएनए उरलेलाच नसतो, त्यामुळे तसा तो कुठे जात नाही. आणि न जाळलेल्या शरीराचा काही भाग माशाने खाल्ला तरी त्याच्या पोटात तो डीएनए बारीक तुकडे होऊन पचतो, आपण बांगडा खाल्ला म्हणून आपण बांगडा होत नाही तसंच. मासळी खायला भीती वाटते असं काही घरांतून बायका विचारतात, त्यांनी अगदी निर्धास्त राहावं.

झाडाबद्दल म्हणाल तर अस्थी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस, ते हळूहळू मातीत मिसळतं आणि मुळं ते घेतात. म्हणजे तुमच्या आजीच्या हाडातला फॉस्फरस उद्या कलमाच्या मोहोरात असू शकतो, हे शास्त्राला धरून आहे. तिचा डीएनए मात्र नाही.

घरातल्या कोणी रक्त द्यायचं?

सगळ्यात चांगलं म्हणजे बेपत्ता माणसाचे आई आणि वडील दोघं. माणसाला अर्धा डीएनए आईकडून, अर्धा वडिलांकडून येतो, त्यामुळे दोघं असतील तर निकाल अगदी पक्का. आई-वडील नसतील तर स्वतःची मुलं, आणि मुलांबरोबर त्यांच्या दुसऱ्या पालकाचंही सॅम्पल द्या. नवरा-बायकोचं आपसात रक्ताचं नातं नसतं म्हणून बायकोच्या एकटीच्या सॅम्पलवरून नवऱ्याची ओळख पटत नाही, पण मुलाच्या डीएनएतला तिचा अर्धा भाग बाजूला काढला की उरलेला अर्धा बापाचा, म्हणून तिचंही रक्त उपयोगाचं.

भाऊ-बहीण चालतात, पण दोन भावांमध्ये किती भाग सारखा येईल हे ठरलेलं नसतं, म्हणून एकापेक्षा जास्त भावंडांनी दिलं तर बरं. काका, मामा, आत्या, चुलत भाऊ हे एकटे पुरत नाहीत, पण बेपत्ता माणूस पुरुष असेल तर सख्ख्या काकाकडून बापाकडचा वाय क्रोमोसोम (डीएनएचा फक्त बापाकडून मुलग्याला जाणारा भाग) जुळवता येतो आणि मामा-मावशीकडून आईकडचा भाग.

दत्तक गोष्ट असेल, किंवा घरात काही लपवलेलं असेल, तर ते सॅम्पल देतानाच तपासणी अधिकाऱ्याला एकट्यात सांगून ठेवा. नाहीतर बॉडी तुमच्याच माणसाची असूनही रिपोर्ट जुळत नाही असा येईल आणि माणूस बेवारस म्हणून जाईल. इथे लाजेपेक्षा माणूस महत्त्वाचं.

आणि उशीर करू नका. आई-वडील म्हातारे असतात, पोराची वाट बघत बघत तेच जातात आणि मग चार वर्षांनी सांगाडा मिळाला तर जुळवायला कोणी उरत नाही. बॉडी मिळायच्या आधीसुद्धा मिसिंगच्या तक्रारीबरोबर सॅम्पल घेण्याची विनंती लेखी द्या, त्यात अशुभ काही नाही.

आईकडचा डीएनए वेगळा असतो म्हणजे काय?

पेशीच्या केंद्रात जो डीएनए असतो त्याच्या फक्त दोन प्रती असतात. पण पेशीला ऊर्जा देणारे जे छोटे भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांचा स्वतःचा एक लहानसा गोल डीएनए असतो, जेमतेम १६,५६९ अक्षरांचा, आणि त्याच्या एका पेशीत शेकडो-हजारो प्रती असतात. प्रती जास्त म्हणून जुन्या, खराब हाडातही त्यातल्या काही शिल्लक सापडतात. आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे आजी, आई, मावशी, मामा, तुम्ही, तुमची बहीण, बहिणीची मुलं, सगळ्यांचा सारखा. तुम्ही पुरुष असाल तर तुमच्या मुलांना मात्र तो तुमच्याकडून जात नाही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या शेजारीच घडलंय, जुन्या गोव्यात. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमध्ये शिराझला हालहाल करून मारलं, तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्याला आणून आपल्या चर्चमध्ये ठेवला असं जुन्या पोर्तुगीज कागदांत होतं. चर्च पडलं, फक्त मनोऱ्याचा भाग उभा राहिला, आणि पुरातत्त्व खात्याला उत्खननात एक हाड मिळालं. ते तिचंच कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि डीएनएवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेने त्यातला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला तर तो असा प्रकार निघाला की जो भारतातल्या हजारो नमुन्यांत मिळाला नाही आणि जॉर्जियातल्या लोकांत मिळाला. चारशे वर्षं गोव्याच्या दमट हवेत राहिलेल्या हाडातून हे निघालं, मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता. २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा भाग जॉर्जियाला समारंभपूर्वक दिला.

एक मर्यादा मात्र आहे, मायटोकॉन्ड्रियाचा प्रकार एकाच माणसाचा नसतो, त्या आईच्या वंशातल्या सगळ्यांचा असतो, म्हणून नुसत्या त्यावर एका माणसाची पक्की ओळख पटत नाही. केतेवानच्या बाबतीत कागदपत्रं आणि हाड मिळालेली जागा दोन्ही जोडीला होती.

मॉर्च्युरीत ठेवल्याने किंवा फॉर्मेलिनने डीएनए वाचतो ना?

थंडीने वाचतो, फॉर्मेलिनने बिघडतो. लोकांना उलटं वाटतं. फॉर्मेलिनमध्ये अवयव दिसायला जसाच्या तसा राहतो पण ते डीएनएला प्रथिनांशी जखडून टाकतं आणि त्याचे तुकडे पाडतं. म्हणून डीएनएसाठीचं सॅम्पल फॉर्मेलिनमध्ये घालायचं नसतं. विमानाने लांबून आणलेली बॉडी एम्बाम केलेली असते, म्हणजे टिकावी म्हणून तिच्यात असंच रसायन भरलेलं असतं, ती करायच्या आधी रक्त काढून ठेवलं असेल तर सोनं, नसेल तर मग पुन्हा दात आणि हाडच.

पुरलेलं शरीर उकरून वर्षांनी डीएनए काढता येतो?

येतो, पण त्यासाठी मॅजिस्ट्रेटचा किंवा कोर्टाचा आदेश लागतो, घरच्यांनी मनाने करायची गोष्ट नाही. स्पेनचे प्रसिद्ध चित्रकार साल्वादोर दाली १९८९ मध्ये वारले, एका बाईने आपण त्यांची मुलगी असल्याचा दावा केला म्हणून २०१७ मध्ये कबर उघडून केस, नखं, दात आणि हाडं घेतली. टेस्ट झाली आणि दावा खोटा ठरला. कोकणात मुसलमान, ख्रिश्चन, लिंगायत दफन करतात, बऱ्याच समाजांत लहान मुलांनाही पुरतात, आणि इथे वर सांगितलेला मातीचा आणि पावसाचा हिशोब लागू होतो, त्यामुळे जितकं लवकर तितकं बरं.

कातळशिल्पं कोणी काढली हे डीएनएवरून कळेल का?

बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, कितीतरी सड्यांवर ती हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत आणि ती काढणारे कोण, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो. पण डीएनए काढायला हाड लागतं किंवा बंदिस्त जागेतली न धुतलेली माती लागते. सड्यावर उघडा कातळ, दरवर्षी धो धो पाऊस, त्या दगडावर कोणाचा डीएनए राहायचं कारणच नाही.

देशात इतरत्र काय झालंय ते बघा. हरियाणातल्या राखीगढीला पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंद्यांच्या टीमने उत्खनन केलं, हडप्पा काळातल्या तिथल्या एकूण ६१ नमुन्यांतून प्रयत्न केल्यावर फक्त एका बाईचा पुरेसा डीएनए मिळाला, आणि तोही मोठ्या कष्टाने. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेच हिमालयात पाच हजार मीटरवर रूपकुंड तळ्यात सापडलेल्या सांगाड्यांपैकी थंडी असल्याने ३८ जणांचा डीएनए मिळाला आणि त्यातले १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडच्या वंशाचे निघाले, कोणालाही वाटलं नव्हतं. कोकणात असा सांगाडा मिळायचा असेल तर कोरड्या गुहेतच शक्यता.

मग आमचे पूर्वज कोण हे कळायचा काही मार्गच नाही?

आहे, आणि तो जिवंत माणसांत आहे. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायल लोकांची जुनी दफनभूमी आहे, त्यांची कथा अशी की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं आणि वाचलेली माणसं कोकणातच स्थायिक होऊन तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी काम बंद म्हणून शनिवार तेली म्हणायचे. त्या कबरी कोणी उकरल्या नाहीत. २०१६ मध्ये आजच्या बेने इस्रायल लोकांचा डीएनए तपासला आणि त्यात भारतीय आणि ज्यू दोन्ही वंश मिसळलेले सापडले. जे मातीत टिकलं नसतं ते नातवंडा-पणतवंडांत टिकलं.

आजोबांचा किती डीएनए माझ्यात आहे? आणि मागच्या पितरांचा?

आजोबांचा सरासरी चौथा हिस्सा, पणजोबांचा आठवा. प्रत्येक पिढीला वाटणी होताना मोठमोठे तुकडे जातात, त्यामुळे दहा-बारा पिढ्या मागे गेलात तर त्या काळच्या बऱ्याच पूर्वजांकडून तुमच्यात एकही तुकडा आलेला नसतो. तरी ते तुमचे पूर्वजच, ते नसते तर तुम्ही नसता, त्यांचं पान वाढायला डीएनएची परवानगी लागत नाही.

आणि उलट दिशेनेही होतं, हे फार जणांना माहीत नसतं. पोटातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिच्या शरीरात वर्षानुवर्षं राहू शकतात. २०१२ मध्ये मरण पावलेल्या बायकांच्या मेंदूत पुरुषी डीएनए आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, बहुधा त्यांच्या मुलग्यांचा.

डीएनए जपून ठेवला तर माणूस परत आणता येईल?

नाही. एकसारखी जुळी भावंडं घ्या, डीएनए सारखा आणि माणसं दोन. असं कोणी पैसे घेऊन सांगत असेल तर फसवणूक आहे.

अवयवदान केलेलं असेल, बोन मॅरो बदललेला असेल तर?

बोन मॅरो बदललेल्या माणसाच्या रक्तात देणाऱ्याचा डीएनए असतो, त्यामुळे ओळख पटवताना रक्तावर अवलंबून राहिलं तर गोंधळ होतो, दुसरं सॅम्पल घ्यावं लागतं. हे पोलिसांना आवर्जून सांगा. साधं रक्त चढवल्याने मात्र असा काही फरक पडत नाही.

घरातल्या कोणत्या वस्तू जपून ठेवायच्या?

बेपत्ता माणसाचा टूथब्रश, दाढीचं रेझर, नेलकटर, न धुतलेली टोपी किंवा बनियन, मुळासकट केस असलेला कंगवा. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळाची नाळ सुकवून ठेवतात, दुधाचे दात ठेवतात, त्यातूनही डीएनए निघू शकतो. त्या माणसाचं कधी ऑपरेशन किंवा गाठीची तपासणी झाली असेल तर पॅथॉलॉजी लॅबकडे मेणात बसवलेला तुकडा बऱ्याचदा काही वर्षं ठेवलेला असतो, चौकशी करा.

घरातली आवराआवर करताना ही चूक सर्रास होते की पहिल्याच आठवड्यात सगळे कपडे धुऊन वाटून टाकतात. थोडं थांबा.

रिपोर्ट काय सांगतो, आणि सात वर्षं थांबावं लागतं ते कशासाठी?

लॅब पूर्ण डीएनए वाचत नाही. माणसामाणसांत बदलणाऱ्या वीसेक ठरावीक जागा बघते आणि त्या जुळतात का तपासते. जुन्या सॅम्पलमध्ये तुकडे लहान झालेले असतात, काही जागा वाचताच येत नाहीत, मग रिपोर्टमध्ये अनिर्णित लिहिलेलं येतं. अनिर्णित म्हणजे नाही असं नव्हे, दुसऱ्या हाडाचं सॅम्पल घेऊन पुन्हा करता येतं, तशी मागणी करा.

बॉडी मिळाली नाही आणि काहीच पुरावा नाही तर कायद्याने सात वर्षं काही खबर नसलेल्या माणसाला मृत मानता येतं. तोपर्यंत विमा, बँक, बोटीचं कर्ज, सगळं अडकतं, बायकोपोरांचे हाल होतात. डीएनए जुळला तर मृत्यूचा दाखला मिळायचा रस्ता तेव्हाच मोकळा होतो. इर्शाळवाडीला २०२३ मध्ये शोध थांबवला तेव्हा कितीतरी माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली, अशा मोठ्या दुर्घटनेत प्रशासन वेगळा निर्णय घेतं, पण एकट्या-दुकट्या खलाशाच्या घरच्यांना तो आधार नसतो.

सरकारकडे सगळ्या बेवारस बॉडींच्या डीएनएची यादी आहे का, आपोआप जुळेल अशी?

त्यासाठीचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे आपोआप जुळेल यावर राहू नका, पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. ज्या पोलीस स्टेशनला अकस्मात मृत्यूची नोंद आहे तिचा नंबर आणि ज्या लॅबला सॅम्पल गेलं तिथला पोच नंबर, दोन्ही लिहून घ्या.

वस्तू पोलिसांना देईपर्यंत कशात ठेवायच्या?

कागदाच्या पाकिटात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते आणि आपल्या हवेत चार दिवसांत सॅम्पल खराब. ओलं असेल तर आधी सावलीत वाळवा, उन्हात नको. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, हाताला ग्लोव्ह्ज नसतील तर स्वच्छ कागदाने धरा, वर नाव, तारीख आणि कोणाच्या ताब्यात होती ते लिहा. पावसाळ्यात पाकीट घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी ठेवा, आणि देताना पोलिसांकडून पंचनाम्याची प्रत मागून घ्या.